पहिली फुंकर

माझ्या एकेचाळिसाव्या पानावर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, एक करडा ठसा आहे. अंगठ्याचा. लांबी साधारण दोन सेंटिमीटर, रुंदी दीड. मधल्या रेषा स्पष्ट आहेत, कडेच्या पुसट. तो शाईचा नाही, चहाचा नाही, मातीचाही नाही. पान तिरप्या उजेडात धरले तर तो किंचित चमकतो, कारण तो गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या, पुडीचा आहे. ही पूड इतकी बारीक असते की कागदाच्या तंतूंत एकदा शिरली की झटकून निघत नाही. आणखीही एका ठिकाणी ती अशीच जाऊन बसते आणि निघत नाही. ते पुढे येईलच.

मित्रांनो, मी एक जुना कवितासंग्रह आहे. तसा फार जुना नाही, साडेपाच वर्षांचा. पण माझी पाठ दोन ठिकाणी उसवली आहे, एक कोपरा दबून चपटा झाला आहे, आणि मी दमलो आहे. तुम्ही म्हणाल, पुस्तक कशाने दमते? ते तर कपाटात बसून असते. मलाही सुरुवातीला तसेच वाटायचे.

माझे नाव ‘फुंकर’. पाने चौसष्ट. माझ्यासारखी आणखी दोनशे नव्व्याण्णव भावंडे आहेत. ती कुठे आहेत ते मला ठाऊक नाही. मला लिहिणारी बाई एका कारखान्याच्या दवाखान्यात तपासनीस होती. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा. कारखाना गारेचे दगड दळण्याचा. दगडाची पिठासारखी पूड करायची, पोत्यांत भरायची आणि काच बनवणाऱ्यांकडे पाठवून द्यायची. पोती भरायला बायका असत. दुपारपर्यंत त्यांच्या भुवया पांढऱ्या होत. संध्याकाळी नळावर तोंडे धुतली की त्या पुन्हा आपापल्या वयाच्या होत.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या बायकांचा श्वास मोजला जाई. त्यासाठी प्लॅस्टिकची एक नळी होती. तिच्यावर आकडे आणि सरकणारा लाल काटा. छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत धरायची आणि जोराने फुंकायचे. जेवढा जोर, तेवढा काटा पुढे. बायका त्या नळीला पिपाणी म्हणत. ‘चला गं, पिपाणी वाजवायला,’ असे म्हणत त्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसत.

फुंकायचे तीनदा, आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा रजिस्टरात लिहायचा, असा नियम होता. नियम तसा बरोबर आहे. पहिल्यांदा माणूस बिचकतो, नंतर सरावतो. एका आकड्यावरून कुणाला आजारी ठरवता येत नाही, हे ताईला चांगले माहीत होते. पण एकाच माणसाचा आकडा महिन्यामागून महिना खाली येत राहिला, तर पूड छातीत जाऊन बसली आहे असा त्याचा अर्थ होतो, हेही तिला माहीत होते. आकडा तीनशेच्या खाली गेला की त्या बाईला पोत्यांवरून काढून घरी बसवत. त्यामुळे बाकावर बसलेल्या बायका शाळेतल्या मुलींसारख्या एकमेकींचे मार्क विचारत.

‘किती गं तुझे?’

‘तीनशे साठ.’

‘एवढेच? एवढे तर माझी सासू झोपेत घोरून काढेल.’

असे सगळ्यांना हसवणारी बाई म्हणजे शिट्टी. दोन बोटे तोंडात घालून ती अशी शिट्टी मारी की चालू चक्कीच्या आवाजातही ती दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. एकदा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा बिघडला, तेव्हा मुकादमाने तीन दिवस तिच्याच शिट्टीवर कारखाना चालवला. म्हणून ते नाव. तिचा पहिला आकडा होता चारशे दहा.

आणि मित्रांनो, ती युक्तीही शिट्टीचीच. आकडे उतरू लागले तसे तिने ती शोधून काढली. छाती भरायची नाही. गाल फुगवायचे, जीभ नळीच्या तोंडाला लावायची आणि फळातली बी थुंकावी तसे एकदम थुंकायचे. काटा टुणकन पुढे उडतो. त्यात छातीचे काहीच काम नसते. नळी मात्र फसते. आठवड्याभरात ही युक्ती सगळ्या विभागात पसरली. पहिल्या दोन फुंकरी खऱ्या मारायच्या, तिसऱ्या वेळी बी थुंकायची. नियमाप्रमाणे लिहिला जायचा तो तिसराच आकडा.

ताईला पहिल्याच दिवशी कळले. त्यासाठी डोळेही लागत नाहीत. खऱ्या फुंकरीचा आवाज लांब येतो, ‘हूऽऽ’ असा. युक्तीचा आवाज ‘टप्’ असा येतो आणि संपतो. तिने नळी हातात धरून शिट्टीकडे नुसते पाहिले.

‘ताई, पाहिलंत ना तुम्ही?’ शिट्टी म्हणाली. ‘मग आता पाहिलं नाही असं करा. मला घरी बसवलंत तर लेकीचं शिक्षण काय पिपाणी वाजवून करू?’

ताईने रजिस्टरात तिसरा आकडा लिहिला. नियमाने ती चुकली नव्हती. आपण चुकलो आहोत हे तिला पक्के माहीत होते. त्या दिवशी तिने एक निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि तिच्यात शिट्टीचे आधीचे खरे आकडे उतरवून त्यांखाली पहिल्या फुंकरीचा आकडा लिहिला. पुढे प्रत्येकीचा लिहीत गेली. वही खालच्या खणात, रबरी हातमोज्यांच्या खोक्याखाली. ‘पुढच्या महिन्यात दाखवू,’ असे तिने ठरवले. एकदा धीर करून तिने डॉक्टरांकडे विषय काढला. डॉक्टर माणूस वाईट नव्हते. चहात बिस्किट बुडवत ते म्हणाले, ‘नियम काय म्हणतो? सर्वांत मोठा आकडा. मोठाच लिहिताय ना? मग झालं तर.’ तेवढ्यात बिस्किट चहात पडले आणि विषयही तिथेच बुडाला.

मग पुढचा महिना आला, त्याच्या पुढचा आला. वही दाखवायची तर त्यासोबत हेही सांगावे लागणार होते की रजिस्टर आपण जाणूनबुजून खोटे भरले. नोकरी जाण्याची भीती होतीच. पण या वाक्याची भीती जास्त होती.

तेव्हा मी जन्मलो. दोन बायकांच्या मधल्या मोकळ्या मिनिटांत, जुन्या फॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, ती ओळी लिहू लागली. पांढऱ्या भुवयांवर एक कविता. नळावरच्या रांगेवर एक. भोंग्याच्या जागी वाजलेल्या शिट्टीवर एक. आणि एकेचाळिसाव्या पानावर ‘पहिली फुंकर’ नावाची कविता, जिच्यात एकही वाक्य नाही. एकाखाली एक अठरा आकडे आहेत. चारशे दहापासून सुरू होतात आणि दोनशे तीसवर थांबतात. शेवटी एकच शब्द: ‘पुढच्या.’ दवाखान्यात एकीचे झाले की ताई दुसरीला तसे बोलावते.

छपाईच्या वेळची गोष्ट. छापखानेवाल्याने काळजीने फोन केला. ‘ताई, एकेचाळीस नंबरच्या पानाचा मजकूर आलाच नाही बहुतेक. नुसते आकडे आलेत.’

‘तेवढंच आहे ते.’

‘बरं बरं.’ तो जरा थांबला. ‘मग खाली बेरीज देऊ का?’

तो थट्टा करत नव्हता. माणसे माझ्याशी फार प्रेमाने वागली, मित्रांनो. माझ्या थकव्याचे मूळ तेच आहे.

माझा प्रकाशन समारंभ झाला. बत्तीस खुर्च्या होत्या, एकोणीस माणसे. मोठे समीक्षक आले होते. त्यांनी चष्मा पुसून एकेचाळिसावे पान उघडले आणि ते वीस मिनिटे बोलले. ते म्हणाले, हे आकडे म्हणजे मावळत्या मूल्यांचा आलेख आहे. इथे कवयित्रीने भाषेलाच नकार दिला आहे. आज आपल्या सगळ्यांचाच श्वास कोंडला आहे. सभागृहातून मोठा सुस्कारा उठला. मोजता आला असता तर सहज साडेचारशेच्या पुढे गेला असता.

नंतर एका बाईंनी विचारले, ‘हे आकडे तुम्हाला सुचले कसे हो?’

मी ताईच्या मांडीवर होतो. तिने मला मिटले. ती म्हणाली, ‘असेच सुचले.’

त्या दिवसापासून मी दमत गेलो. मला पुरस्कार मिळाला. काचेची एक जाड पट्टी, तीही कुणी पुसत नाही. मला अठरा ठिकाणी नेऊन वाचले गेले. दर ठिकाणी एकेचाळिसाव्या पानाला टाळ्या पडत आणि दर ठिकाणी त्या आकड्यांचा नवा अर्थ निघे. एकाने ते महागाईचे म्हटले, एकाने देवाचे. कारखान्याच्या व्यवस्थापकांनीसुद्धा माझी दोन भावंडे विकत घेऊन आपल्या काचेच्या कपाटात ठेवली. ‘आमच्या कवयित्री,’ ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत. त्यांनीही ते पान वाचले. त्यांच्याच पोत्यांवरच्या बाईचा श्वास त्यांच्या कपाटात उभा होता, आणि त्यांना ती कविता वाटली.

कौतुक ओसरले तसा मी दवाखान्यात येऊन पडलो. आधी कापसाच्या गुंडाळ्यांमागे. मग तपासणीचे टेबल डुगडुगू लागले तेव्हा कुणीतरी माझी जाडी बोटांनी मोजून पाहिली आणि मला त्याच्या पायाखाली सरकवले. दीड वर्ष मी तिथे होतो. तक्रार करत नाही. टेबल हलले नाही, एवढे काम तरी माझ्या हातून नीट झाले.

मला तिथून काढले शिट्टीने. तोपर्यंत तिला दवाखान्याच्या सहा पायऱ्या चढायला दोनदा थांबावे लागत होते. त्या दिवशी ती बाकावर न बसता खाली जमिनीवरच टेकली, आणि तिला मी दिसलो.

‘हे तुमचंच ना, ताई? पायाखाली?’

‘टेबल हलत होतं.’

‘हलू द्यायचं की. डॉक्टरांचा चहा सांडला असता तेवढाच.’

तिने मला काढले, हातानेच पुसले आणि पाने उलटू लागली. हळू वाचत होती, बोट ठेवून. एकेचाळिसाव्या पानावर बोट आकड्यांवरून खाली सरकत गेले आणि थांबले. मग तिने अंगठा पानाच्या कोपऱ्यावर दाबून धरला.

‘हे माझे मार्क आहेत.’

ताईने मान खाली घातली.

‘चारशे दहा लेक सातवीत होती तेव्हाचे. तीनशे पंच्याऐंशी, तेव्हा पोत्यांवर एक भांडखोर बाई नवीन आली होती, तिच्याहून मी पाचाने पुढे होते. मला पाठ आहेत ताई. दुसरं काय होतं लक्षात ठेवायला?’ मग ती हसली, आणि हसता हसता खोकली. ‘नाव नाही आलं पुस्तकात. मार्क आले.’

‘तुम्ही रागावलात?’

‘कुणावर रागवू? पाहिलं नाही असं करा, असं मीच म्हणाले होते.’ ती दम घेऊन म्हणाली, ‘पण इथे खरे लिहिलेत आणि तिथे खोटे. हे उलटं नाही का झालं? कवितेत थोडं खोटं चाललं असतं.’

मित्रांनो, मी वीसेक समीक्षणे ऐकली आहेत. माझ्याबद्दल इतके नेमके कुणी बोलले नाही.

‘वही आहे ना अजून?’ जाताना तिने विचारले.

‘आहे.’

‘मग?’

‘बघू,’ ताई म्हणाली.

शिट्टी मला घरी घेऊन गेली. पुढच्या महिन्यात तिला पायऱ्या चढता आल्या नाहीत. रजिस्टरात तिचा शेवटचा आकडा तीनशे दहा असा आहे आणि पुढे लिहिले आहे, ‘स्वेच्छेने काम सोडले.’

तिच्या घरात एक खोली होती, एक खिडकी आणि खिडकीजवळ एक पलंग. ती आडवी झोपू शकत नसे. तीन उशा पाठीशी लावून बसून असे. मी खिडकीच्या कठड्यावर. लेक कामे आटोपून मला वाचून दाखवी. ‘आई, ही नळावरची तू आहेस.’ ‘गप, मी एवढी काळी नाही.’ भोंग्याच्या कवितेला दोघी खूप हसल्या. त्या दिवशी शिट्टीने दोन बोटे तोंडात घातली आणि जोर केला. नुसती हवा आली. तिने बोटे पदराला पुसावीत तशी चादरीला पुसली आणि म्हणाली, ‘वाच पुढचं.’

माझी पाठ तिथेच उसवली. इतक्या वेळा मला तोवर कुणी उघडले नव्हते. त्या खोलीत मात्र मी दमलो नाही, हेही सांगायला हवे.

याच सुमारास पोती भरणाऱ्या आणखी दोघी अंथरुणाला खिळल्या, आणि वरून चौकशी आली. चौकशी करणाऱ्या बाई दवाखान्यात बसून तीन दिवस रजिस्टर वाचत होत्या. रजिस्टरात सगळ्या ठणठणीत होत्या. त्यावरून दोन गोष्टी ठरणार होत्या: चक्कीवर पाण्याचा फवारा आणि धूळ ओढणारी यंत्रे बसवायची का, आणि रिकाम्या झालेल्या जागांवर नव्या मुली लगेच घ्यायच्या का.

त्या नव्या मुलींत शिट्टीची लेक होती. एकोणीस वर्षांची. शिट्टी तिला तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा काही म्हणाली नाही. लेकीला जवळ बसवून कानात काहीतरी शिकवत बसली. मग तिने मला लेकीच्या पिशवीत घातले.

मित्रांनो, आता माझे थोडेच उरले आहे, म्हणून जे मागायचे ते इथेच मागून घेतो. आम्हा पुस्तकांना कव्हर घाला, ओल्या हाताने धरू नका, पाने दुमडू नका, हे सगळे तुम्हाला शाळेत सांगितले असेलच. ते करा, नाही केले तरी चालेल. मला टेबलाखाली ठेवले तरी चालेल. पण कधी वाचलेच, आणि एखाद्या ओळीने गलबलून आले, तर ‘किती सुंदर’ म्हणायच्या आधी एकदा विचारा की हे कुणाचे आहे, आणि ते माणूस आता कुठे आहे. एवढे कुणी अठरा ठिकाणी विचारले असते तर मी असा थकलो नसतो.

लेक दवाखान्यात आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. डॉक्टर चहा घेत होते. चौकशीच्या बाई टेबलाच्या एका बाजूला, रजिस्टर मधे, ताई दुसऱ्या बाजूला. टेबल हलत होते.

‘मावशी, हे आईनं परत पाठवलंय,’ लेकीने मला रजिस्टराशेजारी ठेवले. ‘म्हणाली, टेबल हलत असेल तुमचं.’

‘कशी आहे?’

‘बसलेली आहे.’

ताईने तिला नळी दिली. लेकीने छाती भरली. हूऽऽ. चारशे ऐंशी. दुसऱ्यांदा हूऽऽ. चारशे नव्वद. तिसऱ्या वेळी तिने गाल फुगवले, जीभ नळीला लावली.

टप्.

काटा सहाशे वीसवर जाऊन थांबला.

‘अरे वा!’ डॉक्टर म्हणाले. ‘या पोरीने तर विक्रम केला. लिहा, लिहा.’

ताईने पेन उचलले नाही. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, ‘हे कुणी शिकवलं तुला?’

‘आईनं.’

‘तुला कशाला लागतं गं? तुझा श्वास चांगला आहे.’

‘आत्ता चांगला आहे,’ लेक म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता; गावाला जाताना छत्री घेतली, असे सांगावे तसे ती सांगत होती. ‘तीन-चार वर्षांनी लागेल ना. आई म्हणाली, आधीपासून हात बसलेला बरा.’

चौकशीच्या बाईंना यातले काही कळले नव्हते. त्यांनी घड्याळ पाहिले आणि रजिस्टर ताईकडे फिरवले. ‘माझं वाचून झालं. हे अक्षर तुमचंच आहे ना? मग शेवटी एक सही लागेल. नोंदी खऱ्या आहेत अशी.’

मला वाटले, ती आता ‘बघू’ म्हणणार. साडेपाच वर्षे मी तिच्या तोंडून तेच ऐकत आलो होतो.

ताई उठली. खालचा खण ओढला. हातमोज्यांचे खोके बाजूला ठेवले आणि निळी वही काढून टेबलावर ठेवली. मग मला उघडले. पान शोधावे लागले नाही. उसवलेल्या पाठीमुळे मी आपोआप तिथेच उघडतो. अंगठ्याच्या ठशाशेजारी तिने बोट ठेवले.

‘नोंदी खोट्या आहेत,’ ती म्हणाली. ‘मला माहीत असताना मी लिहिल्यात, सहा वर्षं. खरे आकडे या वहीत आहेत, प्रत्येकीचे, नावासकट. आणि हे पान कविता नाही. ही हिची आई आहे. मी सही करणार नाही. मी जबाब देणार आहे.’